लाल दोऱ्याची काच

५ मार्च

प्रिय आत्या,
नमस्कार.

या जीपबरोबर रक्ताच्या साठ काचांची पेटी पाठवते आहे. जीप बुधवारी आणि शनिवारी शहरात येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघते. पत्र ड्रायव्हरकडेच दे. इथला फोन महिनाभर मेलेला आहे आणि त्याला जिवंत करायची कुणालाच घाई नाही.

आमचं संशोधन केंद्र म्हणजे बंद पडलेल्या खाणीचं जुनं ऑफिस. तीन खोल्या, वर पत्रा. बोगद्याचं तोंड इथून दहा मिनिटांवर आहे. आत छताला दोन-अडीच हजार वटवाघळं, एकेक अंगठ्याएवढं, एकमेकांना इतकी चिकटून की दगडाला केस फुटल्यासारखं वाटतं. त्यांच्या अंगावर बिनपंखांच्या माश्या असतात, कोळ्यासारख्या. केसांतून अशा पळतात की चिमट्यात सापडता सापडत नाहीत. त्या एकाचं रक्त पितात, मग दुसऱ्याला चावतात, आणि रक्तातले परजीवी इकडून तिकडे जातात. सरांचं म्हणणं, एका बोगद्यात परजीवी एकाच प्रकारचा असणार. मला तसं वाटत नाही. किती प्रकार आहेत ते शोधणं, एवढाच माझा प्रबंध.

तिन्हीसांजेला जाळी लावतो, पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेतो, पाणी पाजतो आणि सोडून देतो. पण काच वाचायची कुणी? इथला मायक्रोस्कोप खेळण्यातला आहे, आरशावर ऊन धरून बघावं लागतं. तू चौतीस वर्षं हिवतापाच्या काचा वाचल्यास. रिटायर झालीस म्हणून सुटलीस असं समजू नकोस. प्रत्येक प्रकाराचं चित्र काढून पाठव, लहानपणी मला दाखवायचीस तशी.

बाबा मजेत आहेत. ज्या बोगद्यात वीस वर्षं घाम गाळला, तिथेच आता मुलीची जाळी धरून उभे असतात. वटवाघळं बाहेर पडायला लागली की ओरडतात, "रात्रपाळी निघाली गं!" मी म्हटलं होतं, तुम्ही नका येऊ, पासष्ट झालीत. म्हणाले, तुला आतला एक खड्डा तरी माहीत आहे का?

तुझी,
ठमी

१२ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

काचा पोचल्या, एकही फुटली नाही. ड्रायव्हरला शाबासकी दिली तर चक्क लाजला.

सहा दिवसांत साठ वाचल्या. सोळांमध्ये सापडलं. मोठा गोल, अख्खी तांबडी पेशी व्यापणारा, आत सोनेरी-तपकिरी दाणे. सगळीकडे तोच. एकच प्रकार! तेव्हा सरांपुढे नाक खाली कर आणि पुढच्या कामाला लाग. बाकी काचांवर नुसता कचरा आहे. काच रंगवायचा रंग गाळून वापरत जा, किती वेळा सांगितलं? तुझ्या हाताला मुळात घाई फार.

चित्रं काढली नाहीत. प्रकार एक, मग चित्रं कशाला दहा?

माझं बरं चाललंय. परवा जिन्याची शेवटची पायरी चुकली आणि गुडघा सुजून भोपळा झाला. गवंड्याने पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या केल्यात, हे चाळीस वर्षांनी लक्षात आलं. टेबलावरचा दिवाही बदलून घेतला. इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन गेला, म्हणतो बाई दिवा उत्तम आहे. कसला उत्तम, सगळं पिवळट दिसतं.

प्रयोगशाळेतली चष्मेवाली भेटली होती. माझ्या हाताखाली शिकली, आता तिथली मुख्य झाली आहे. "मॅडम, तुमच्या भाचीच्या काचा मीपण एकदा बघू का?" म्हणे. मी म्हटलं, तू तुझ्या बघ.

धाकट्याला सांग, बोगद्यात कान झाकून जात जा. आणि दाढी करत जा, मुलीच्या ऑफिसात राहतोस म्हणावं.

तुझी,
आत्या

१९ मार्च

प्रिय आत्या,

दुसरी पेटी पाठवते आहे, अठ्ठावन्न काचा. आणि त्यात वर, वेगळी गुंडाळलेली एक काच आहे. तिच्या टोकाला लाल दोरा बांधलाय. ती वटवाघळाची नाही, बाबांची आहे. ती सगळ्यांत आधी बघ.

रविवारपासून ताप आहे. दुपारी हुडहुडी भरते, दोन पांघरुणं घातली तरी खाट हलते, मग घामाने चिंब. दवाखान्यातल्या कंपाउंडरने तापाच्या साध्या गोळ्या दिल्या. म्हणाला, हे हिवतापाचे दिवस नव्हेत. पलीकडे रस्त्याचं काम चाललंय, त्या छावणीतही दोघे-तिघे आजारी आहेत. तिथले लोक याला वटवाघळांचा ताप म्हणायला लागलेत. काल मला बघून एक बाई मुलाला घेऊन आत गेली.

मी बाबांना म्हटलं, याच जीपने हॉस्पिटलला जाऊ. सात तासांचा रस्ता आहे, पण पडून राहाल. तर नेमका आज सकाळी ताप उतरलाय, त्यामुळे ऐकायलाच तयार नाहीत. केंद्राच्या औषधपेटीत हिवतापाच्या गोळ्या आहेत. त्याही नको म्हणतात. तरुणपणी असल्या औषधाने महिनाभर कानात शिट्ट्या वाजत होत्या म्हणे. शेवटी म्हणाले, "ताईला दाखव. ताईने हो म्हटलं तर गोळ्याही घेईन आणि तुझ्या हॉस्पिटललाही जाईन."

मी काच इथे बघितली. दोन ठिकाणी, हिवतापात दिसतं तसं, पेशीत बारीक कडं असल्यासारखं वाटलं. पण माझा मायक्रोस्कोप कसा आहे ते तुला माहीत आहे, आणि माझा हात कसा आहे तेही तूच सांगितलंस. तू बघ आणि उद्याच्याच जीपने कळव.

ठमी

२० मार्च

चि. ठमी,

जीपवाला खाली हॉर्न वाजवतोय, म्हणून थोडक्यात.

रक्त स्वच्छ आहे. काच सरकवत दोनशे फील्ड बघितली, एक तास बसले. हिवताप नाही. तुला दिसलं ते रंगाचे कण, कडं-बिडं काही नाही. न गाळलेल्या रंगाने असंच फसायला होतं. हा साधा ताप आहे, आठवड्यात उतरेल. भरपूर पाणी पाज, पेज दे, विश्रांती. उगाच भलती औषधं देऊन त्याचे कान घालवू नकोस.

धाकट्या, हे तुझ्यासाठी: मुलीला त्रास देऊ नकोस, गुपचूप पडून राहा.

आत्या

२ एप्रिल

आत्या,

तुला निरोप पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि तुझा गुडघा तसा, म्हणून तू आली नाहीस हे मी समजू शकते. पण काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. म्हणून लिहिते.

तुझं पत्र गुरुवारी संध्याकाळी आलं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा हसले, म्हणाले, "अजून दटावते मला." शुक्रवारी ताप होता, तरी उठून जाळीची गाठ सोडवत बसले. शनिवारी सकाळी जीप निघाली तेव्हा मी पुन्हा विचारलं, जायचं का. म्हणाले, ताईने बघितलंय ना, झालं तर मग. दुपारी मला ओळखेनात. मला हजेरी विचारायला लागले, वीस वर्षांपूर्वीच्या माणसांची नावं घेऊन, कोण वर आलं, कोण अजून खाली आहे. मी त्या नावांना "आले, आले" म्हणत राहिले.

जीप रविवारी संध्याकाळी परतली. मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन निघालो. चौथ्या तासाला, घाट उतरताना, श्वास थांबला. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी छावणीतले लोक बोगद्यापाशी गेले. ट्रकचे जुने टायर रचले, त्यावर डिझेल ओतलं. मी पोचले तेव्हा बोगद्याच्या तोंडातून काळा धूर येत होता. दिवसाची वेळ, सगळी वटवाघळं आत झोपलेली. थोडी बाहेर आली ती पेटलेली आली. मी ओरडले तर एकजण शांतपणे म्हणाला, "बाई, तुमचा बाप गेला, आमच्याही घरी माणसं आहेत." धूर ओसरल्यावर आत गेले. जमिनीवर घोट्यापर्यंत थर होता. माझ्या पायाखाली काय मोडतंय ते बघायचं मी टाळलं.

आत्या, ते लोक चुकले असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? तू स्वच्छ म्हणालीस, म्हणजे हिवताप नव्हता. मग काय होतं? कुठून आलं? त्या बोगद्यात बाबांना घेऊन कोण गेलं? वटवाघळं हातात धरायला कुणी दिली? हातमोजे फाटले होते ते मला दिसले होते, आणि नवीन मागवते, नवीन मागवते म्हणत मी पंधरा दिवस घालवले.

ठमी

३ एप्रिल

चि. ठमी,

पत्र वाचलं. काय लिहू?

तो माझ्याहून सात वर्षांनी लहान. आई कामावर जायची तेव्हा मी त्याला कडेवर घेऊन शाळेत जायचे. मास्तर म्हणायचे, दोघांची हजेरी लावू का.

तू स्वतःला बोल लावू नकोस. वटवाघळांच्या रक्तातले ते परजीवी माणसाला होत नाहीत, हे तुझं तुलाच ठाऊक आहे. कधी कधी कारण सापडत नाही. वय झालं होतं, धुळीत आयुष्य गेलं होतं. जे व्हायचं ते झालं.

ती लाल दोऱ्याची काच माझ्या हातून फुटली, तेव्हा मागू नकोस. दुसऱ्या पेटीतल्या काचाही तशाच राहिल्यात. आता त्यांचं काय करायचं ते तूच ठरव.

जेवत जा.

आत्या

१२ एप्रिल

आत्या,

काचा राहू देत. मी सरांना कळवलंय की काम सोडते आहे.

बोगदा जाळला त्याची चौकशी करायला समिती नेमली आहे, २४ तारखेला बैठक आहे. छावणीतल्या आणखी चौघांना ताप आहे, त्यामुळे खोऱ्यातले बाकीचे दोन बोगदेही धूर करून बुजवावेत असा अर्ज आलाय. समितीने माझा जबाब मागितला. मी लिहून ठेवलाय: माझ्या वडिलांना ताप वटवाघळांपासूनच आला असावा, हिवताप नसल्याचं अनुभवी तज्ज्ञाने तपासून सांगितलं होतं, आणि योग्य काळजी न घेता मीच त्यांना त्या कामाला लावलं. सही करून पुढच्या शनिवारच्या जीपने पाठवणार आहे.

रात्रपाळी निघायच्या वेळेला मी अजून दारात जाऊन उभी राहते. आकाश नुसतं रिकामं असतं. मग आत येते.

ठमी

१७ एप्रिल

ठमी,

सही करू नकोस. केली असलीस तर फाडून टाक. पुढचं सगळं वाच आणि मगच मला काय म्हणायचं ते म्हण.

काच फुटली नव्हती. मी खोटं लिहिलं.

काल मी ती घेऊन प्रयोगशाळेत गेले. चष्मेवालीला म्हटलं, ही बघ, आणि कुणाची ते विचारू नकोस. तिने डोळा लावला. मिनिटसुद्धा लागलं नाही. मग ती उठली, मला खुर्ची दिली आणि दार लावून घेतलं. म्हणाली, "मॅडम, हा माणूस आहे का अजून?"

प्रत्येक फील्डमध्ये कडी होती, ठमी. चार-चार, पाच-पाच. हिवतापाची, आणि तीही मेंदूत चढणाऱ्या जातीची. रंगही छान होता. तुझ्या हाताला काही झालेलं नाही.

माझ्या डोळ्यांना झालंय. गेल्या वर्षापासून. उजव्या डोळ्यात मधोमध एक करडा डाग आला, बोटाने पुसावा वाटणारा. मग डाव्यात. सरळ रेघा वाकड्या दिसतात. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. पायऱ्या आणि दिवा यांचा काहीएक दोष नव्हता. डॉक्टरकडे गेले नाही, कारण तो काय सांगेल ते मला ठाऊक होतं. तुझ्या काचा मी डोळ्याच्या कडेने वाचल्या. मोठे गोल कडेने कळायचे. बारीक काही असेल तर ते डागाखाली जायचं, आणि मी त्याला कचरा म्हणायचे. "एकच प्रकार" हे मी बघून लिहिलेलं नाही. मला एकच दिसला, म्हणून एकच आहे असं लिहिलं.

धाकट्याच्या काचेवर मी खरोखर तासभर बसले होते. जीपवाला हॉर्न वाजवत होता. कागदावर दोनच शब्द लिहायचे होते, "दिसत नाही." हात वळला नाही. मला दिसलं नाही आणि मी नाही असं लिहिलं. चौतीस वर्षं मी मुलींना शिकवलं की शंका आली तर सही करायची नाही. आणि घरच्या माणसाच्या काचेवर मी हे केलं.

तू मला आधी एका अक्षराने दोष दिला असतास तर कदाचित मी भांडले असते, अजूनही लपवलं असतं. पण तू सगळं स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायला निघालीस, काम सोडायला निघालीस. ते मला बघवेना.

चष्मेवालीने लिहून सही केलेला रिपोर्ट सोबत आहे. तो समितीपुढे ठेव. छावणीतल्या तापाच्या सगळ्या माणसांचं रक्त आधी तपासायला सांग, बोगद्यांचं नंतर बघा म्हणावं. हे पत्रही वाचून दाखव. माझं नाव झाकू नकोस.

ओळी वर-खाली गेल्या असतील. आता सांभाळून घे असं म्हणण्यात अर्थ नाही.

आत्या

२८ मे

आत्या,

चाळीस दिवस मी उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा फाडलं. हे पत्र तुला चष्मेवाली वाचून दाखवेल, म्हणून तिच्यासमोर लिहिता येईल तेवढंच लिहीन असं ठरवलं होतं. पण तसंही जमणार नाही.

समितीपुढे तुझं पत्र वाचलं, सगळं, नावासकट. छावणीत रक्त तपासलं. नऊजणांना हिवताप निघाला. गोळ्या मिळाल्या, आठवड्यात सगळे कामावर. साध्या गोळ्या, आत्या. उरलेल्या दोन बोगद्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. ज्याने टायर रचले होते तो केंद्रावर आला होता. दारातूनच म्हणाला, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही." मी त्याला पाणी दिलं.

मी काम सोडलेलं नाही. चष्मेवालीने पेट्या आणि चांगला मायक्रोस्कोप इथे आणून ठेवलाय; ती दर रविवारच्या जीपने येते आणि महिनाभर तिच्याशेजारी बसून मी एकशे अठरा काचा पहिल्यापासून वाचते आहे. तू ज्याला एक म्हणालीस ते मोठे गोल मुळात दोन प्रकारचे आहेत, दाण्यांची ठेवण वेगळी. शिवाय पेशीच्या आत बारीक, थेंबासारखे, जोडीने बसलेले, बिनदाण्यांचे. आणि चौथा पेशीच्या बाहेर, अळीसारखा वळलेला, शेपूटवाला. काही काचांवर तर तीन-तीन एकत्र. एका अंगठ्याएवढ्या जिवात तिघांचं बिऱ्हाड. सरांनी दोन दिवस सगळ्या काचा स्वतः तपासल्या, तिसऱ्या दिवशी म्हणाले, छापू या. छापू, पण ज्यांच्यात हे सापडलं त्यांच्यातलं एकही उरलेलं नाही. मी बोगद्यात तीनदा जाऊन आले. वटवाघळं नाहीत, माश्या नाहीत. माझ्याकडे आहे ते काचेवर वाळलेलं.

आता तुझ्याबद्दल. मला तुझा राग येतो. सकाळी उठल्यावर येतो आणि दात घासताना येतो. तुला क्षमा केली असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आपल्या दोघींत खोटं पुरे झालं.

म्हणूनच माझं एक सांगते. तुला लिहिलं होतं, दोन ठिकाणी कडं वाटलं. दोन ठिकाणी नव्हे. मला जिथे बघावं तिथे दिसत होती. त्या खेळण्यातल्या मायक्रोस्कोपमधूनही दिसत होती. मी पुस्तक उघडून चित्राशी ताडून बघितलं होतं. तुला तसं लिहिलं नाही, कारण चुकले तर तू हसशील असं वाटलं. मग तुझं "स्वच्छ" आलं आणि मला हायसं वाटलं. औषधाची पेटी माझ्याच खाटेखाली होती. शुक्रवारी मी ती एकदा बाहेर ओढली आणि परत आत सारली. बाबा बघत होते.

हे मी समितीला सांगितलं नाही. चष्मेवाली, तुम्ही हे वाचताय, तर आता तुम्हालाही माहीत झालं.

डोळ्यांच्या डॉक्टरांची पुढच्या गुरुवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. गेलेलं परत येत नाही, पण आहे ते टिकवता येतं का ते बघतील. मी पुढच्या बुधवारच्या जीपने येते. तुझ्याकडे राहीन, दुसरीकडे राहायला जागा नाही. सकाळी नऊला तयार होऊन बस. जिना मी धरून उतरवीन. वाटेत माझ्याशी बोलायचा आग्रह धरू नकोस, मला जमेल तेव्हा मी बोलेन.

ठमी